सत्तावीस तासांचे तीन तास

वैजनाथला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून वाघ ऐकत होता. आमचं दुकान कात्रजला, एका व्यापारी इमारतीच्या तळघरात. प्राणिसंग्रहालय जवळच, त्यामुळे दुपारी रहदारी जरा ओसरली की वाघाचं ओरडणं तळघरापर्यंत येतं. गिऱ्हाईक दचकतं, आम्ही मान वर करत नाही. "नोकरी मागायला आलास की वाघ ऐकायला?" मी विचारलं. तो म्हणाला, "नोकरी लागली तर वाघ रोजच ऐकंन की, काका." परळीकडचा मुलगा, नाव गावच्या देवाचंच. ओळखदेख काही नसताना काका म्हणाला याचा मला रागही आला आणि नाहीही. मी त्याला ठेवून घेतलं. साल दोन हजार.

धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मी कॅमेऱ्यामागे आणि वैजनाथ तळघरात मशिनपुढे, अशी वाटणी लवकरच झाली. आठ तासांचं लग्न पाऊण तासात बसवायचं हे त्याचं काम. ते कुणालाही येतं असं लोकांना वाटतं. कुणालाही जे येतं ते म्हणजे मंगलाष्टकं कापणं आणि जेवणावळ ठेवणं. वैजनाथ नवरीच्या बापाचा मागे उभा राहून रुमाल शोधतानाचा चार सेकंदांचा तुकडा ठेवायचा आणि आमदारसाहेबांचं आगमन उडवायचा. लोक तक्रार करायला यायचे, बघायला बसायचे आणि डोळे पुसत घरी जायचे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. पुण्यात कौतुक माणूस गेल्यावर करतात, आणि मला ती पद्धत तेव्हा बरी वाटायची.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. दुकानाचं उद्घाटन मी अमावास्येला केलं, कारण त्या दिवशी पेढ्यांना रांग नव्हती. वैजनाथ मात्र मानायचा, आणि २००६ सालानंतर तर फारच.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. लग्नाच्या डीव्हीडीत गणपतीनंतर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो येतात. फोटोला हार, बाजूला तेवती समई, खाली नाव. फोटो घरची मंडळीच पाकिटात घालून देतात. त्या वर्षी वाघोलीच्या एका जमीनदार घराचं लग्न होतं. पाकिटात दोन म्हाताऱ्यांचे फोटो होते, एक नवरीच्या वारलेल्या आजोबांचा आणि दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा, भीमरावांचा. भीमराव वरातीत नाचले होते म्हणून त्यांचा फोटो शेवटी गमतीच्या भागात टाकायचा होता. दोघांची मिशी एक, फेटा एक, भुवयासुद्धा एक. वैजनाथनं हार भीमरावांना घातला.

सगळी भावकी अंगणात डीव्हीडी बघायला बसलेली. पडद्यावर समई तेवायला लागली आणि मधोमध भीमराव. ते स्वतः पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. म्हणे, हसले आणि म्हणाले, "आरं, मी तर हितंच हाय." नवव्या दिवशी झोपेत गेले.

ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते, त्यांना दमा होता आणि वरातीत ते दोन तास नाचले होते. हे मी वैजनाथला शंभर वेळा सांगितलं. तो मान डोलवायचा. पण त्या दिवसापासून त्यानं शेवटचं बटण दाबणं सोडलं. सगळे तुकडे जुळवून झाले की एक बटण दाबावं लागतं, मग मशिन त्यांची एकसंध फिल्म करतं. आम्ही त्याला रेंडर मारणं म्हणतो. ते झालं की काम संपलं. वैजनाथ सगळं करायचा आणि हात मांडीवर ठेवून म्हणायचा, "काका, तेवढं तुमी दाबा." मी दाबायचो. दहा-बारा वर्षं मी हजारेक लग्नं संपवली आणि मला काही झालं नाही. हे मी त्याला दर वेळी ऐकवायचो.

२००७ मध्ये त्याचं लग्न झालं. मुलगी अंबाजोगाईची, भाग्यश्री, हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हा तिचा धंदा आणि स्वभावही. सकाळी सातला कंपनीची बस कात्रज चौकातून घेऊन जायची आणि रात्री आठला आणून टाकायची. सुट्टीच्या दिवशी ती तळघरात येऊन वैजनाथच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि त्याच्या कामात चुका काढायची. एकदा म्हणाली, "तू चुकीच्या जागी कापतोस. माणसाची पापणी मिटली की कापायचं. म्हणजे ज्याचं कापलं त्याला कळत नाही." वैजनाथ म्हणाला, "मी नजर हलायच्या आधी कापतो. माझं बरंय." त्यावर दोघं अर्धा तास भांडली. मी मध्ये पडलो नाही, पण तिचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं.

दोघांना एकच व्यसन, ते परदेशी अतिमानवांचे चित्रपट. पहिला २००८ मध्ये आला, मग दर वर्षी एक, कधी दोन. त्या नायकाचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, त्याचा अंगरखा राखाडी म्हणून मी त्याला राखाडीच म्हणायचो. त्याच्या टोळीत एक निळ्या केसांची बाई होती. तिला कोसभरातल्या सगळ्या माणसांच्या काळजाचे ठोके ऐकू यायचे. भाग्यश्रीला ती आवडायची. दोघं पहिल्या दिवशी पहिला खेळ बघायची आणि सोमवारी वैजनाथ मला सबंध गोष्ट सांगायचा, मी ऐकतोय की नाही हे न बघता. बाराव्या चित्रपटात ती निळ्या केसांची बाई मेली. त्या सोमवारी तो काही बोलला नाही. मला वाटलं चित्रपट पडला. नंतर कळलं, त्याच आठवड्यात भाग्यश्रीचे रिपोर्ट आले होते.

तो २०१८ चा जून. डॉक्टरांनी वैजनाथला बाजूला घेऊन सांगितलं की गणपती बघतील, दिवाळीचं मी सांगत नाही. हे त्यानं मला जिन्यात उभं राहून सांगितलं. 

मालिकेतला शेवटचा चित्रपट पुढल्या मे महिन्यात यायचा होता. भाग्यश्रीला हिशेब कळत होता. तो आपण बघणार नाही हे धरून तिनं वैजनाथला वेगळंच मागितलं. "बाराच्या बारा परत बघायचे तर सत्तावीस तास लागतात. तेवढं मला बसवत नाही. तू आठ तासांचं लग्न पाऊण तासात बसवतोस ना? हे तीन तासांत बसव. आणि ती मरते ते कापायचं नाही. थिएटरमध्ये मी रडत होते, नीट बघितलंच नाही. मला बघायचंय ती घाबरली होती का."

वैजनाथ कामाला लागला. लग्नं बाजूला पडली, मी पडू दिली. त्यानं काय केलं असेल? सगळ्या मारामाऱ्या उडवल्या. पडणाऱ्या इमारती, उडणाऱ्या गाड्या, सगळं गेलं. पृथ्वी वाचवण्याचे सहा प्रसंग होते, त्यातला एक ठेवला. राहिलं ते माणसं एकमेकांकडे बघतात तेवढं. आणि त्या बाईला ऐकू येणारे ठोके त्यानं सबंध फिल्मच्या खाली धाग्यासारखे ओवले. तळघरात दिवसभर तो आवाज. लग्नाची चौकशी करायला आलेलं एक जोडपं पाच मिनिटं बसलं आणि पुन्हा येतो म्हणून गेलं. मला एरवी त्या चित्रपटांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते तुकडे मात्र मी पुन्हा लावून बघितले. आणि चांगलं झालंय असं त्याला सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

ऑक्टोबरात फिल्म तीन तास दहा मिनिटांवर आली. राहिला होता फक्त तो एक तुकडा, निळ्या केसांच्या बाईचा शेवट, बावीस सेकंदांचा. तो त्यानं कापून कोपऱ्यात ठेवला होता. पण जागेवर बसवेना.

दिवाळी आली आणि गेली. भाग्यश्री होती. डॉक्टरांना नवल वाटलं. वैजनाथला वाटलं नाही. मी एक दिवस त्याला पकडलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "काका, काम उघडं हाय तोवर ती हाय. मी रोज थोडं वाढवायलो." म्हणजे रोज टाकून दिलेल्यातलं मिनिट-दोन मिनिटं परत जोडायचं. साडेतीन तास, पावणेचार तास. मी त्याला मूर्ख म्हणालो. तिकडे ती झुरतेय, मॉर्फिनवर आहे, तिनं मागितलेली एक गोष्ट तू देत नाहीस. तो म्हणाला, "दिल्यावर?"

डिसेंबरात त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मशिनमागच्या कॅलेंडरवर तो रोज घरी जाताना फिल्मची लांबी लिहून ठेवायचा. एके सकाळी त्यानं मला कॅलेंडर दाखवलं. संध्याकाळी तीन तास सत्तावन्न, सकाळी तीन तास शेहेचाळीस. तीन आठवडे हेच चाललं होतं. तो दिवसा तेवढंच परत जोडत होता आणि कुणीतरी कमी करत होतं. दुकानाची किल्ली दोघांकडेच होती. "ते वाघोलीचे आजोबा असतील," वैजनाथ हळूच म्हणाला. मी म्हणालो, भीमरावांना हयातीत रिमोट चालवता येत नव्हता, मेल्यावर कुठे शिकले. पण ते म्हणून झाल्यावर मी मशिनची वायर तपासली.

मग एका दुपारी मी मुद्दाम तळघरात थांबलो. दोघं डबा खात होतो. वैजनाथच्या हातात भाकरी, माझा हात ताकाच्या भांड्याला. मशिन समोर चालू. पडद्यावरचा बाण हलला.

माऊसला कुणाचा हात नव्हता. बाण सावकाश तुकडे ओळीनं जोडलेल्या लांब पट्टीवर गेला, एका तुकड्यावर थांबला, थोडा मागे आला, नेमकी जागा शोधत असल्यासारखा. तुकडा कापला गेला, उचलला गेला, बाजूची पट्टी सरकून जोडली गेली. मग दुसरा. वैजनाथची भाकरी हातातच राहिली. वाघ ओरडला आणि मी, ज्यानं वीस वर्षं मान वर केली नव्हती, तो ताक सांडून उभा राहिलो. सात तुकडे गेले आणि बाण थांबला. मी पडद्याजवळ जाऊन ते सांधे बघितले. सातही जागी माणसाची पापणी मिटलेली होती.

वैजनाथ तोंड धुवायला वर गेला होता. त्यानं ते बघितलं नाही, मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाग्यश्रीला भेटायला गेलो. पलंगावर ती उशीएवढीच उरली होती आणि मांडीवर कंपनीचा लॅपटॉप. मी काही विचारायच्या आत हसली. "तुम्ही उठून उभे राहिलात का काका? मला इथून माणसं दिसत नाहीत, नुसती पट्टी दिसते." घरून दुकानाचं मशिन चालवता येईल अशी सोय तिनंच कधीतरी करून ठेवली होती. वैजनाथ विसरला होता, मला तर माहीतच नव्हतं. "तो वाढवतो, मी कापते. तो हरत नाही आणि मी थकते."

"त्याला सांग ना सरळ," मी म्हणालो.

"सांगितलं तर मशिन बंद करून ठेवेल. काका, तो मला जगवत नाहीये. अडकवतोय." मग थोडा श्वास घेऊन म्हणाली, "कापायचं ते सगळं मी कापेन. पण तो तुकडा मला बसवता येत नाही. तिचा शेवट आहे तो. आपल्याच हातानं कसा बसवायचा? तुम्ही बसवा. आणि रेंडर मारा."

मी म्हणालो, "मी कशाला? हे असलं काही मी मानत नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी पाठीचं निमित्त करून वैजनाथला वाघोलीच्या लग्नाला कॅमेरा देऊन पाठवलं. तोवर भाग्यश्रीनं घरून जास्तीचं सगळं कापून ठेवलं होतं; दुपारी एक वाजता मी त्याच्या खुर्चीत बसलो. बावीस सेकंदांचा तुकडा उचलून जागेवर ठेवला. कुठे कापावं ते बघायला पुन्हा पुन्हा चालवला, पण ती बाई पापणी मिटतच नाही. मरताना ती समोर बघत राहते, ठोके ऐकल्यासारखी मान कलती करून. शेवटी मी तो तसाच अख्खा ठेवला. फिल्म भरली दोन तास एकोणसाठ मिनिटं. आणि बटण दाबलं. हजार वेळा दाबलेलं बटण होतं. बोटाला घाम आला होता हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

डीव्हीडी मी स्वतः नेऊन तिच्या हातात दिली. सोमवारी दुपारी तिनं वैजनाथला शेजारी बसवून ती लावली. तो तिचा पाय मांडीवर घेऊन बसला म्हणे. निळ्या केसांची बाई गेली तेव्हा भाग्यश्रीनं मागे घ्यायला लावलं. दोनदा बघितलं. म्हणाली, "नाही रे. घाबरली नव्हती." बुधवारी पहाटे ती गेली.

चौदाव्या दिवशी वैजनाथ कामावर आला. मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तो खुर्चीत बसला, मशिन लावलं आणि पाठमोराच म्हणाला, "तुमीच दाबलं ना काका?"

"हो."

"बरं केलं. तिचे हाल मला दिसत होते. मीच डोळे झाकून बसलो होतो." एवढंच. तो ओरडला असता तर मला परवडलं असतं. मी वर जाऊन चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि भर रस्त्यात रडलो. टपरीवाल्यानं न विचारता चहा पुढे केला.

मे महिन्यात शेवटचा चित्रपट आला. वैजनाथ दोन तिकिटं काढून गेला. सोमवारी गोष्ट सांगेल म्हणून मी वाट बघितली, पण त्यानं सांगितली नाही.

त्याच सुमारास मला मशिनमध्ये एक नवं काम उघडलेलं दिसलं. नाव होतं, दीनाकाका. म्हणजे मी. आत माझेच तुकडे. मी जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलो, माझं शूटिंग कुणी केलेलं नाही. पण वैजनाथनं जुन्या टेपा चाळून मला शोधून काढलं होतं. कार्यालयाच्या आरशात मी, नवरीच्या मावशीच्या चष्म्याच्या काचेत मी, वरातीच्या गाडीच्या काळ्या काचेत कॅमेरा खांद्यावर घेतलेला, केस काळे असलेला मी. "वहिनी, जरा डावीकडे" म्हणणारा माझा आवाज. सहा तासांचं होतं ते.

"तुमचं कुणी काढलंच नाही," वैजनाथ म्हणाला. "ते उघडंच ठेवणार हाय. तुमी काळजी करू नका." मी त्याला खुळा म्हणालो, पाठीवर थाप मारली आणि दिवसभर खुशीत होतो.

तीन दिवसांनी मी सहज बघितलं तर पाच तास चाळीस मिनिटं होतं. कशाला कापतोस रे, मी विचारलं. त्याचा चेहरा बघितला आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. "मी हातच लावला नाही, काका. उलट काल आरशातले दोन घातले."

भाग्यश्रीचा लॅपटॉप कंपनीचा होता. तेराव्याच्या आधीच माणूस येऊन सही घेऊन तो घेऊन गेला होता. तरी मी दुकानाच्या मशिनची इंटरनेटची वायर उपटली आणि खिशात घालून घरी नेली. सकाळी पाच तास बत्तीस मिनिटं होतं.

मग मी सांधे बघितले. एकेका सांध्यावर चित्र थांबवून, चष्मा लावून बघितलं. आरशातला मी, काचेतला मी, गाडीच्या काळ्या काचेतला मी. प्रत्येक सांध्याला माझी पापणी मिटलेली होती. या वेळी मी वैजनाथला बोलावून ते दाखवलं.

आता पावसाळा संपत आलाय. पट्टी तीन तास दोन मिनिटांवर आहे. जुन्या टेपा संपल्या, त्यात मी आता कुठे उरलेलो नाही. म्हणून रोज दुपारी दोन वाजता मी तळघरात स्टुलावर बसतो आणि वैजनाथ माझ्यावर कॅमेरा लावतो. काय बोलायचं ते ठरलेलं नसतं. कधी लग्नांच्या गोष्टी सांगतो, कधी त्याला शिव्या देतो. वाघ ओरडला की थांबतो. ते सगळं तो संध्याकाळी पट्टीला जोडतो.

"काका, पापणी," तो मधूनच कॅमेऱ्यामागून म्हणतो. मी त्याला म्हणतो, तू आपलं काम कर. दिवा डोळ्यांवर असतो, डोळ्यांतून पाणी गळत राहतं, पण मी मिटत नाही.